घाटाचा उभा छेद

कसारा घाटात महामार्गाचा लोखंडी कठडा ओलांडून तुम्ही दरीच्या अंगाला पाय टाकता. त्याच वेळी वरून एक कंटेनर ब्रेक कोंबत उतरतो. तुमच्या पुढे चाललेले अण्णा मान न वळवता म्हणतात, "दुसऱ्या गिअरात आणायला हवा होता." अण्णांनी उभी हयात एसटी चालवली. घाटातली कुठलीही गाडी त्यांना न बघता, नुसत्या आवाजावरून कळते.

वळण नेमकं कुठलं, ते लिहिणार नाही. बरोबरच्या तिघांची तशी अटच आहे. जागेचा पत्ता फुटला की पुढच्या रविवारी तिथे रील करणारे येतात आणि त्यांच्यामागे वेफर्सची पाकिटं उरतात. लतीफवाडी आणि इगतपुरीची घाटनदेवी यांच्या मधलं ते आहे, एवढं पुरे. रस्ता रुंद करताना वळण छाटलं, रस्ता सरळ नेला आणि सुटलेला बाकदार तुकडा दरीकडे तसाच राहिला. आता त्यावर करवंदीच्या जाळ्या आहेत, मधोमध दोन साग उभे आहेत. दरीच्या बाजूला दगडी कठड्याचे बुटके खांब गवतातून डोकं काढतात.

अण्णांखेरीज एक मॅडम आहेत. त्या पॉलिटेक्निकात मुलांना रस्ते बांधणं शिकवतात. तिसरा एक पोरगा आहे. त्याचं काम फोनवर चालतं. सर्व्हे ऑफ इंडियाचे एक इंचाला एक मैल मापाचे जुने नकाशे तो उपग्रहाच्या चित्रावर ठेवतो आणि दोन्हींतल्या रेषा कुठे जुळत नाहीत ते बघतो. जिथे जुळत नाहीत तिथे रविवारी जायचं. त्या नकाशांवर खडीच्या रस्त्यालगत मैलांचे बारीक आकडे छापलेले असतात, म्हणून सगळ्यांची नजर पायाखालच्या दगडांवर. मुंबईत सेंट थॉमस कॅथेड्रलपासून मोजलेले मैलाचे दगड फुटपाथमध्ये गळ्यापर्यंत बुडालेले सापडले आणि महापालिकेने ते वर काढून जपले. घाटातल्या दगडांचं नशीब तेवढं नाही. एखादा कुणाच्या ओट्याची पायरी झाला असेल, एखाद्याला शेंदूर लागला असेल. शेंदूर लागलेला दगड परत मागायचा कसा, हा प्रश्न या मंडळींपुढे खरोखर आहे.

आज मात्र दगड बाजूला राहतो, कारण पावसाने तुकड्याचं टोक ढासळलं आहे. रस्ता सुरीने कापावा तसा उभा उघडा पडलाय. मॅडम खाली बसतात आणि बोटाने एकेक थर दाखवतात. वर डांबराचा काळा पापुद्रा, बोटाच्या पेरापेक्षा जाड नाही. त्याखाली दाबलेली खडी, मुरमासकट. त्याखाली हाताने रचलेले मोठे दगड, म्हणजे सोलिंग. सगळ्यांत खाली डोंगर.

"वरून सुरू करा," त्या म्हणतात. तुम्ही पापुद्र्यावर हात ठेवता.

हाताला ऊन लागतं आणि नाकात कोळशाचा धूर जातो. 1943 साल आहे. युद्धामुळे पेट्रोल रेशनवर आहे आणि तुमच्या मोटारीच्या पाठीला पिंपाएवढी भट्टी बसवली आहे. भट्टीत लोणारी कोळसा धुमसतो, त्याचा गॅस नळीने इंजिनात जातो. सपाटीवर हे भागतं. चढ लागला की गॅसचा जोर पुरत नाही, कारण पेट्रोलवर मिळायची त्यापेक्षा बरीच कमी ताकद इंजिनाला मिळते. याच वळणावर गाडी धापा टाकत थांबते.

"उतरा मंडळी, हलकी करा गाडी!" क्लीनर ओरडतो आणि सळई घेऊन भट्टी ढवळायला लागतो.

"तिकीट बसायचं घेतलंय का चालायचं?" तुमच्या शेजारची म्हातारी पदर खोचत विचारते. उतरते मात्र सगळ्यांच्या आधी.

तुम्ही मोटारीमागे चालता, म्हणून तर रस्ता दिसतो. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला थांबावंच लागेल इतका तो अरुंद आहे. चढणाऱ्याला आधी वाट, हा अण्णांनी पुढे आयुष्यभर पाळलेला नियम इथे शिष्टाचार नाही. चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवणं ड्रायव्हरच्या जिवावर येतं. पायाखाली नवं डांबर आहे. त्याचा पैसा कुठून आला, हेही तुमच्या तिकिटातच आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली 1927 साली रस्त्यांसाठी समिती बसली. पेट्रोलवर कर घ्या आणि तो रस्त्यांवरच खर्च करा, असं तिने सुचवलं. 1929 पासून गॅलनमागे दोन आणे त्या खात्यात जमा होऊ लागले. या 1943 च्याच डिसेंबरात देशभरचे मुख्य अभियंते नागपुरात जमतील आणि रस्त्यांची राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा, गाव अशी प्रतवारी ठरवतील. तुम्ही चालताय तो रस्ता पुढे राष्ट्रीय महामार्ग 3 म्हणून ओळखला जाईल. आत्ता त्यावर एक शेळी बसली आहे आणि क्लीनर तिला दगड दाखवतो आहे.

मॅडमचा आवाज येतो, "डांबर का आलं, सांगा?"

तुम्ही म्हणता, मोटारीला गुळगुळीत रस्ता हवा म्हणून.

त्या मान हलवतात. खडीचा रस्ता बैलगाडीसाठी चांगलाच होता. गाडीच्या चाकाची लोखंडी धाव खडी भरडते, तिचा भुगा होतो, पावसाचं पाणी पडलं की तोच भुगा फटींत बसून रस्ता बांधून ठेवतो. रबरी टायर उलटं करतो. वेगाने जाताना तो भुगा ओढून मागे उधळतो. धुळीचा लोट दिसतो तो म्हणजे रस्ताच उडून चाललेला असतो. त्याला जागेवर धरायला डांबर लागलं. म्हणजे मोटारीने आधी रस्ता मोडला, मग त्याला औषध आणलं.

तुम्ही हात एक थर खाली नेता.

थंडी. जानेवारी 1905 चे पहिले दिवस. डांबर नाही, पांढुरकी खडी आहे आणि कमालीची शांतता आहे. मुंबईत मोटारी येऊन सहा-सात वर्षंच झाली आहेत. मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडियाने दिल्लीहून मुंबईपर्यंत मोटारींची कसोटी ठेवली आहे. डिसेंबरअखेर निघालेल्या गाड्या आग्रा, ग्वाल्हेर, इंदूर करत नाशिक गाठून आता घाट उतरणार आहेत. कोण पहिला येतो, याला फारसं महत्त्व नाही. गाडी न बिघडता, रोजच्या मुक्कामाला वेळेवर पोचते का, हे बघायचं आहे. मोटार हे श्रीमंतांचं खेळणं नाही, हे विकणाऱ्यांना सिद्ध करून दाखवायचंय, आणि चालवणारे बहुतेक श्रीमंतच आहेत.

तुम्ही कठड्याच्या खांबाला टेकून उभे राहता. आधी आवाज, मग धूळ, मग गाडी. उघडी, उंच, पितळी दिव्यांची. दिवे कार्बाइडचे. ड्रायव्हरचे दोन्ही हात कामात: एक चाकावर, एक बाहेरच्या ब्रेकच्या दांड्यावर. ब्रेक म्हणजे ड्रमभोवती आवळणारा पट्टा. लांबलचक उतारावर तो तापतो आणि जळका वास सुटतो. गाडी वळण घेते आणि तुमच्यासमोर थांबते. पाठीला बांधलेला डबा सोडून सोबतचा माणूस पाणी शोधायला निघतो.

पाणी सापडतं, आणि बरोबरच्या तिघांना घाटात सर्वांत जास्त कौतुक आहे ते या गोष्टीचं. वाटेवर बैलांसाठी जागोजाग पाण्याची सोय आहे. अहिल्याबाईंच्या नावाने सांगितली जाणारी, वर घुमटाचा टोप असलेली बावडी घाटातच आहे. बैल प्यायचे ते पाणी आता रेडिएटर पिणार. चढही बैलाच्या दमाने आखलेला आहे, म्हणून तो सौम्य आणि वळणावळणाचा. पुढे फोर्डची मॉडेल टी आली तेव्हा तिची टाकी सीटखाली होती आणि पेट्रोल नुसत्या उताराने इंजिनाकडे जायचं. चढ फार झाला की पुरवठा तुटायचा, मग लोक गाडी उलटी करून रिव्हर्सने डोंगर चढवत. बैलांच्या रस्त्यावर ती वेळ कमी येई.

गाडी निघून जाते. धूळ बसते. तुम्ही वाट बघता, पण दुसरं कुणी येत नाही. बैलगाड्यांचा तांडा नाही, टांगा नाही. कुठूनतरी खालून आगगाडीची शिट्टी येते. कठड्याचे दोन खांब पडलेत, कुणी उभे केलेले नाहीत. मोरीत गवत वाढलंय.

"बघितलंत?" पोरगा विचारतो. "रस्ता तेव्हाच पडीक होता."

तिघांना वर्षानुवर्षं इथे आणणारी गोष्ट हीच आहे, असं मला वाटतं. ते निघाले होते मोटारीचा पहिला रस्ता शोधायला. निघालं असं, की मोटारीचा म्हणून रस्ता इथे कुणी बांधलाच नव्हता. आयता, टाकलेला रस्ता तिने उचलला. मग कुणी टाकला? तुम्ही सोलिंगच्या दगडाला हात लावता.

गोंगाट! 1863. अमेरिकेत यादवी पेटलीय, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळत नाही, मुंबईत कापसाचा भाव आभाळाला भिडलाय. खानदेश-वऱ्हाडचा कापूस या घाटाने खाली ओतला जातो आहे. गाडीला गाडी लागलेली, बैलांच्या तोंडाला फेस, गठ्ठ्यांतून निसटलेला कापूस झुडपांना चिकटलेला. घाटाखाली कसाऱ्यापर्यंत 1861 सालीच रेल्वे आली आहे, माल तिथे चढवायचा. उलट दिशेने रेल्वेच्या कामावरचे मजूर, सुरुंगाची दारू, लोखंड. डोंगर फोडून 37 फुटांत एक फूट चढेल असा मार्ग घाटातून वर नेताहेत. आगगाडीला त्याहून खडी चढण पेलणार नाही. मधूनच सुरुंगाचा धडाका होतो आणि बैल बिचकतात.

"सरा की हो बाजूला, पाव्हणं!" एक गाडीवान तुमच्या अंगावर येत ओरडतो. तुम्ही त्याला सांगू शकत नाही की 1 जानेवारी 1865 ला वरची लाइन सुरू होईल आणि त्याला इथे भाडं मिळणं बंद होईल. 1883 च्या नाशिक गॅझेटियरमध्ये याच रस्त्याची, म्हणजे आग्रा रोडची, हकीकत वाचताना त्या गाडीवानाची आठवण होते. आगगाडीने रस्ता ओस पाडला, मोटारीने तो पुन्हा जागा केला आणि नंतर रुंदीकरणासाठी त्याचीच वळणं कापून टाकली. 5 जून 2025 पासून तर समृद्धी महामार्गाचा पावणेआठ किलोमीटरचा बोगदा इगतपुरी आणि कसाऱ्याच्या मधला डोंगरच पोटातून पार करतो. वरचा घाट आता कुणी टाकणार का, यावर अण्णांचं ठाम मत आहे: ट्रकवाला टोल वाचवतो तोवर नाही.

सोलिंगखाली नुसता डोंगर, आणखी काही नाही. मॅडमचं काम तिथे संपतं. पोरगा मात्र अडतो. खाली काही सापडलं नाही म्हणजे वाट नव्हती असं थोडंच? परतताना तो सगळ्यांना नाशिकच्या पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढायला लावतो. पायथ्याशी तोच आग्रा रोड गर्जत असतो.

दहाव्या लेण्यात तुमच्या डोळ्यांना अंधाराची सवय होते आणि भिंतीवरची ब्राह्मी अक्षरं ओली वाटू लागतात. छिन्नीचा आवाज येतो. कोरक्या अजून कामावर आहे. राजा नहपानाचा जावई उषवदात आपली दानं लिहवून घेतो आहे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग इथे धर्मशाळा बांधल्या. गोवर्धन म्हणजे नाशिकच्या शेजारचंच ठाणं, शोर्पारग म्हणजे सोपारा. दमण, तापी, डहाणूका अशा नद्यांवर होड्या ठेवल्या, उतारूंकडून काही न घेता. दोन्ही तीरांवर बसायला जागा आणि पाणपोया. एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा रस्ते विभागाचा कारभार दगडात कोरलेला आहे.

"फुकट?" अण्णा विचारतात.

"फुकट," मॅडम म्हणतात.

"मग नाणेघाटात तो रांजण जकातीचा दाखवतात तो?"

"ते दुसऱ्यांचं राज्य."

अण्णांचं समाधान होत नाही. घोटीचा टोल, पिंपळगावचा टोल असा हिशेब त्यांच्या तोंडून सुरू होतो. पोराचं लक्ष दुसरीकडेच आहे. धर्मशाळा सोपाऱ्याला आणि गोवर्धनला, मधल्या डोंगराचं नाव लेखात नाही. थळ घाटानेच, म्हणजे आपल्या कसारा घाटानेच, कशावरून? जव्हारकडून त्र्यंबकला चढणारी वाटही आहेच. मॅडम म्हणतात, लादलेला बैल सौम्य चढ धरणार, म्हणजे थळ. तो म्हणतो, सोपाऱ्याहून जव्हार जवळ. दोघांचा आवाज लेण्यात घुमायला लागतो आणि तुम्हाला मत विचारलं जातं. शेवटी पुढच्या रविवारी जव्हारच्या बाजूने चढून बघायचं ठरतं. अण्णा गाडी आणणार आहेत, पण एका अटीवर: घाटात स्टिअरिंगला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.