लिंकन यांची हुकलेली नेमणूक

इ. स. १८२९ मध्यें अँड्र्यू जॅक्सन अमेरिकेचे अध्यक्ष झाले, आणि सरकारी जागा विजयी पक्षाच्या मंडळींना वांटण्याचा प्रघात तेथें दृढ झाला. जिंकणाराचा लुटीवर हक्कच असतो, असें सेनेटर विल्यम मार्सी यांनी १८३२ सालीं भर सेनेटमध्यें सांगितलें. उमेदवाराला परीक्षा नव्हती. हवीं असत तीं वजनदार पुढाऱ्यांचीं शिफारसपत्रें. या शिफारशींच्या बाजारांत अब्राहम लिंकन यांनाही उतरावें लागलें.

१८४८ च्या निवडणुकींत लिंकन यांनी व्हिग पक्षाच्या जनरल टेलर यांच्यासाठीं पुष्कळ खटपट केली. टेलर निवडून आले. मार्च १८४९ मध्यें लिंकन यांची काँग्रेसमधील मुदत संपली. त्याच सुमारास सरकारी जमीन खात्याच्या कमिशनरची, वार्षिक ३००० डॉलर वेतनाची जागा इलिनॉय संस्थानाच्या वांट्यास येण्याचा रंग दिसूं लागला. लिंकन यांनी प्रथम आपले स्नेही सायरस एडवर्ड्‌स यांचा पुरस्कार केला. परंतु पक्षांत एकमत होईना. शिकागोचे वकील जस्टिन बटरफील्ड बाजी मारणार असें दिसतांच लिंकन स्वतःच उभे राहिले. एडवर्ड्‌स रुष्ट झाले, ते वेगळेंच.

बटरफील्ड यांनी टेलर यांच्याविरुद्ध हेन्री क्ले यांची बाजू घेतली होती. राबावें एकानें आणि फळ चाखावें दुसऱ्यानें, हें लिंकन यांना सहन होईना. त्यांनी ठिकठिकाणीं त्रोटक पत्रें धाडलीं: दुसऱ्या कोणाइतकाच मी या जागीं चालत असेन, तर तसें वॉशिंग्टनला लिहावें; विलंब नको. मग ते स्वतः राजधानीस गेले. पण गृहखात्याचे मंत्री टॉमस यूइंग यांचा कल बटरफील्ड यांच्याकडे होता. २१ जून रोजीं त्यांचीच नेमणूक झाली.

पुढें लिंकन यांना दूरच्या ऑरेगॉन प्रांताचें गव्हर्नरपद देऊं केलें गेलें. तें नाकारून ते स्प्रिंगफील्डला वकिली करीत राहिले. १८६१ मध्यें ते अध्यक्ष झाले, तेव्हां नोकरी मागणारांच्या झुंडी त्यांच्याच दारांत लोटल्या.

हा प्रघात मोडावयास मात्र एक बळी पडावा लागला. १८८१ मध्यें नेमणूक न मिळालेल्या गीटो नांवाच्या इसमानें अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या, आणि जानेवारी १८८३ मध्यें पेंडल्टन कायदा होऊन कांहीं जागांसाठीं स्पर्धापरीक्षा सुरू झाली. जी जागा गुणांनीं मिळावयाची, तिच्यासाठीं लिंकनसारख्यालाही दारोदार शब्द मागावा लागला. त्या पद्धतीचा दोष दाखवावयास एवढा एक दाखला पुरेसा आहे.