चाक किती रुंद असावे? रेडिओ-नियंत्रित बग्गीच्या टायरांचा इतिहास

१/ रेडिओ-नियंत्रित ऑफ-रोड बग्गी हातात घेतली की एक गोष्ट लगेच नजरेत भरते. पुढची चाके अरुंद असतात आणि मागची चांगलीच रुंद. ही रचना शोभेसाठी नाही. मेक्सिकोचे वाळवंट, कॅलिफोर्नियाची धूळ आणि इंग्लंडचे गवत यांनी मिळून ती घडवली आहे. या धाग्यात त्याच रुंदीचा इतिहास.

२/ आरंभ खऱ्या मोटारींपासून होतो. १९६४ मध्ये ब्रूस मेयर्स यांनी कॅलिफोर्नियात फोक्सवॅगन बीटलचे यांत्रिक भाग वापरून फायबरग्लासची हलकी 'मेयर्स मँक्स' बग्गी तयार केली. १९६७ मध्ये बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात तिहुआना ते ला पाझ अशी 'मेक्सिकन १०००' शर्यत झाली. विक विल्सन आणि टेड मँगल्स यांनी ती मँक्समधूनच जिंकली. वेळ होती २७ तास ३८ मिनिटे.

३/ बीटलचे इंजिन मागे असते. त्यामुळे वजनाचा मोठा भार आणि गाडी ढकलण्याचे काम, दोन्ही मागच्या चाकांवर येते. वाळूत रुतू नये म्हणून ती रुंद हवीत. पुढच्या चाकांचे काम केवळ दिशा देण्याचे. त्यासाठी अरुंद चाक जमीन कापत जाते. आपल्या शेतातला ट्रॅक्टर आठवावा: पुढे उभ्या रेघांचे अरुंद टायर, मागे मोठ्या खाचांचे रुंद टायर. तत्त्व तेच.

४/ १९७९ मध्ये जपानच्या शिझुओका शहरातील तामिया कंपनीने 'रफ रायडर' आणि 'सँड स्कॉर्चर' ही १:१० प्रमाणातील मॉडेल्स बाजारात आणली. सँड स्कॉर्चर ही वाळवंटी शर्यतीसाठी बदललेल्या बीटलचीच प्रतिकृती होती. प्रतिकृती हुबेहूब करायची, तर चाकांची विषमताही सोबत येणारच. अशा रीतीने वाळवंटातली श्रमविभागणी खेळण्यात उतरली.

५/ १९८४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या असोसिएटेड कंपनीची 'आरसी१०' आली. रॉजर कर्टिस यांनी रचलेली ही बग्गी कोणत्याही मोठ्या गाडीची नक्कल नव्हती; ती शर्यतीसाठीच जन्मली होती. तरीही पुढे अरुंद, मागे रुंद हा नियम तिने सोडला नाही. आता त्याचे कारण प्रतिकृतीचा आग्रह नव्हता. धावपट्टीवर तो नियम उपयोगी ठरत होता.

६/ १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील डेल मार येथे १:१० विद्युत ऑफ-रोड गटाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. मागच्या दोन चाकांना गती असलेल्या गटात जे हॅल्सी यांनी आरसी१० घेऊन विजेतेपद मिळवले. चारही चाकांना गती असलेल्या गटात गिल लोसी ज्युनिअर योकोमोच्या गाडीसह जिंकले.

७/ मग सगळीकडेच रुंद टायर का नकोत? कारण रुंदी म्हणजे निव्वळ पकड नव्हे. खोल वाळूत रुंद टायर भार पसरवतो आणि वर तरंगतो. पण कठीण जमिनीवर सुट्या धुळीचा थर असेल, तर रुंद टायर त्या धुळीवरच घसरतो. अरुंद टायर थर कापून खालच्या टणक मातीला भिडतो. शिवाय रुंद चाक जड असते, आणि फिरणारे वजन वेग घेताना व थांबताना दोन्ही वेळा आडवे येते.

८/ दुसरे बंधन नियमाचे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १:१० बग्गीची एकूण रुंदी २५० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, आणि हे माप बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. रुंद चाक लावले, तर वाढीव रुंदी आतल्या बाजूलाच सामावून घ्यावी लागते. रिमचाही प्रश्न आहे: तोच टायर अरुंद रिमवर गोलसर फुगतो, रुंद रिमवर सपाट बसतो. म्हणजे रिम बदलले की जमिनीला टेकणारा भागही बदलतो.

९/ चार चाकांना गती मिळाल्यावर जुना हिशेब मोडला. पुढच्या चाकांना दिशेसोबत ओढण्याचेही काम आले. म्हणून या गटात पुढचे टायर अधिक रुंद झाले. १९८७ मध्ये इंग्लंडमधील रोम्सी येथे मासामी हिरोसाका यांनी ब्रिटिश शूमाकर कंपनीच्या 'कॅट' गाडीसह हा गट जिंकला. ब्रिटिश क्लबांत गवतावरच्या शर्यती रुळलेल्या होत्या; तिथे टोकदार काट्यांचे टायर लागत. कॅलिफोर्नियाचे उत्तर तिथे जसेच्या तसे चालणार नव्हते.

१०/ स्पर्धकाची खरी अडचण मात्र खिशाची होती. प्रत्येक कंपनीची चाक बसवण्याची पद्धत वेगळी. एकाची चाके दुसऱ्याच्या गाडीला बसत नसत. गाडी बदलली की चाकांचा संचही नवा. नव्वदच्या दशकात २.२ इंची, म्हणजे सुमारे ५६ मिलिमीटर व्यासाचे रिम रूढ होत गेले. पुढे २०१० च्या दशकात १२ मिलिमीटरचा षट्कोनी जोड सर्वत्र दिसू लागला, आणि निवड कंपनीवर कमी, जमिनीवर अधिक अवलंबून राहू लागली.

११/ तोवर जमीनही बदलली होती. आज अनेक शर्यती कृत्रिम गवतावर आणि गालिच्यावर होतात. तिथे पकड इतकी मिळते की वळणावर गाडी उलटते. म्हणून स्पर्धक टायरच्या कडेला सुपरग्लूचा पातळ थर लावतात, जेणेकरून कड रुतू नये. ज्या खेळाची सुरुवात पकड मिळवण्याच्या धडपडीतून झाली, त्यात आता पकड कमी करण्याचे कसब शिकावे लागते.

१२/ जुन्या बग्ग्या जमवणारे अनेकदा झिजलेली मूळ चाके काढून नवी, आकर्षक चाके बसवतात. गाडी देखणी होते, पण तिचा एक पुरावा नाहीसा होतो. ती बग्गी कोणत्या मातीवर, कोणत्या नियमांत आणि कोणत्या काळात धावली, हे चाकाच्या रुंदीवरून आणि टायरच्या खाचांवरून वाचता येते. कागदपत्रे मागे न ठेवणाऱ्या खेळाची दप्तरे अशीच असतात. ती वाचण्याआधी बदलून टाकू नयेत.