आवृत्ती इतिहास (गूगल डॉक्स)

अनेकांनी मिळून लिहिलेल्या मजकुराचे आपोआप जतन झालेले टप्पे पाहण्याची व परत आणण्याची सोय. गूगलने २००६ मध्ये विकत घेतलेल्या ‘राइटली’पासून डॉक्स घडले. येथे ‘सेव्ह’चे बटण नाही, टंकलेला बदल लगेच सर्व्हरकडे जातो. दोघे एकाच ओळीत लिहीत असले, तर ‘ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन’ (एलिस व गिब्स, १९८९) या पद्धतीने बदलांचा मेळ घातला जातो: एकाने आरंभी तीन अक्षरे घातली, की त्याच क्षणी दहावे अक्षर खोडणाऱ्याची सूचना तेराव्यावर सरकते.

इतिहासात प्रत्येकाचे बदल वेगळ्या रंगात दिसतात. मात्र बारीक टप्पे पुढे एकत्र केले जाऊ शकतात, म्हणून महत्त्वाच्या मसुद्याला नाव द्यावे. एका दस्तऐवजात अशी ४० नावे चालतात. ‘अंतिम’, ‘अंतिम-२’, ‘अंतिम-नक्की’ अशा फायली साठवणाऱ्यांना एवढी पुरेशी व्हावीत! जुनी आवृत्ती परत आणली तरी मधले काम इतिहासात राहते. पण ती सर्वांसाठीच परत येते. एखादाच परिच्छेद हवा असल्यास तो जुन्या आवृत्तीतून कॉपी करणे बरे. इतिहास पाहण्यास संपादनाचा अधिकार लागतो. दस्तऐवजाची प्रत काढल्यास हा इतिहास सोबत जात नाही.