काढुन, काढून आणि एक कार्ड

गेल्या शनिवारी मोरगावला घरी गेलो होतो. मयूरेश्वराचं दर्शन झालं, जेवण झालं, आणि दुपारी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत काकांची जुनी वही सापडली. काका ९० च्या दशकात बारामतीला एका कार्यालयात टायपिस्ट होते. वहीत चक्क जिस्ट कार्ड बसवण्याच्या सूचना!

हे कार्ड माझ्या जन्माआधीचं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं काम १९८८ मध्ये पुण्यात निघालेल्या सी-डॅकने पुढे नेलं. पीसीच्या एक्सपान्शन स्लॉटमध्ये कार्ड खोचलं की डॉसच्या पडद्यावर मराठी दिसायची. जोडाक्षरांचे आकार कार्ड जुळवायचं, पण साठवली जायची मूळ अक्षरं, इस्की नावाच्या कोडमध्ये (१९९१ मध्ये तो भारतीय मानक झाला). ऱ्हस्व उकाराचा कोड ठरलेला, दीर्घाचा ठरलेला. म्हणजे शुद्धलेखनाची चूक मशीनला शोधता येईल अशी सोय झाली. युनिकोडचा देवनागरी तक्ताही १९८८ च्या इस्कीवरूनच बेतलाय.

असो, वहीकडे येतो. काकांनी ती गावातल्या गुरुजींना तपासायला दिली असावी, कारण पानभर लाल पेन्सिल. 'मोरगांव'वरचा अनुस्वार उडवलेला. बरोबरच आहे, साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेलेच. पुढे एक ओळ होती: 'कार्ड काढुन मशीन बंद करावे.' गुरुजींनी 'काढुन'चं 'काढून' केलं. नियमाप्रमाणे अगदी शुद्ध!

फक्त चालू मशीनमधून कार्ड उपटलं तर कार्ड जळू शकतं, मदरबोर्डही. खाली काकांनी निळ्या शाईने बाण काढून लिहिलंय: 'आधी मशीन बंद, मग कार्ड.'

मला हसू आलं आणि लाजही वाटली. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका पीसीआय कार्डच्या कागदपत्रांत रजिस्टरच्या नावातलं चुकलेलं स्पेलिंग मोठ्या उत्साहाने दुरुस्त केलं होतं. कोडमध्ये मात्र तेच चुकीचं नाव होतं. ते शोधण्यात सहकाऱ्याचे दोन दिवस गेले. एचटीटीपीमधला 'रेफरर'ही असाच, १९९६ च्या दस्तऐवजात एक 'आर' कमी पडला तो आजतागायत तसाच वापरावा लागतो.

गुरुजींना कार्ड माहीत नव्हतं, मला कोड. आता काही दुरुस्त करायच्या आधी मी ते वापरणाऱ्याला विचारतो. वही पुण्याला घेऊन आलोय. काकांना विचारूनच!