पूना ते पिकलबॉल, गुडघ्यांमार्गे

जगातली प्रत्येक गोष्ट मूळची पुण्याची, असं पुणेकर म्हणतात आणि उरलेला महाराष्ट्र हसतो. पिकलबॉलच्या बाबतीत मात्र जरा जपून हसावं. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीतले गोरे साहेब जाळीवरून पिसांचं फूल टोलवत. त्या खेळाला म्हणतच मुळी ‘पूना’. पुढे तो विलायतेला गेला आणि एका ड्यूकच्या वाड्याच्या नावावरून बॅडमिंटन झाला. १९६५ साली अमेरिकेत सिॲटलजवळच्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड यांच्या अंगणात असंच एक जुनं बॅडमिंटनचं मैदान होतं. सुट्टीत घरची मंडळी कंटाळलेली, आणि खेळाचं सामान सापडेना. मग टेबल टेनिसच्या फळ्या नि भोकाभोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू घेतला, जाळी कमरेपर्यंत खाली आणली, झाला पिकलबॉल! मैदान तेच राहिलं, ४४ फूट बाय २०. सुनील वालावलकरांनी हा खेळ कॅनडात पाहिला, इकडे आणला, आणि २००८ साली मुंबईत त्याची अखिल भारतीय संघटना उभी राहिली. म्हणजे नात आजोळी आली म्हणायची!

ती आली आणि पेन्शनरांच्या गळ्यात पडली. धावायला फार नको, चेंडू बेताचा येतो, दुहेरीत अर्धं मैदान जोडीदाराच्या माथी. शिवाय जाळीच्या दोन्ही अंगांना सात-सात फुटांची पट्टी असते, तिला ‘किचन’ म्हणतात. त्यात उभं राहून चेंडू वरच्यावर मारायचा नाही. चाळीस वर्षं स्वयंपाकघरात पाऊल न टाकलेल्या पुरुषमंडळींना हा नियम शिकवावाच लागत नाही.

घाम येतो, नाडी उडते, हृदय खूश होतं. पण हृदयाला पटतं ते पोटरीला पटतंच असं नाही. अमेरिकेतल्या इस्पितळांच्या २०१० ते २०१९ च्या नोंदी सांगतात, की पुरुषांचे स्नायू लचकतात आणि बायकांची हाडं मोडतात, त्यातही मनगटं. पडताना माणूस हात टेकणारच, आणि उतारवयात बायकांचं हाड लवकर ठिसूळ होतं. सगळ्यांत वाईट म्हणजे डोक्यावरून गेलेल्या चेंडूमागे उलट्या पावलांनी धावणं. तिथे तोल जातो, आणि पाठोपाठ माणूस.

हा तोल राखायचा व्यायाम जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातल्या साखरशेतच्या एखाद्या आजीला शिकवायला जा बरं! चिखलात वाकून आवणी करायची, डोक्यावर हंडा घेऊन चढण चढायची, यात तोल आलाच. गुडघे मात्र तिचेही दुखतात. आमच्या गुडघ्याला पट्टा मिळतो, शेक मिळतो, सुनेकडून चहा मिळतो. तिच्या गुडघ्याला आवणीतून सुट्टीसुद्धा मिळत नाही.

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त हेडमास्तरांना डॉक्टरांनी दोन अटींवर खेळायची परवानगी दिलीय. आधी दहा मिनिटं अंग मोकळं करायचं, आणि डोक्यावरून गेलेला चेंडू खुशाल जाऊ द्यायचा. पहिली अट ते पाळतात.