तारे मोजणाऱ्या भगिनी

परमेश्वराने अब्राहामाला रात्री बाहेर नेले आणि तारे मोजता येत असतील तर मोज, असे सांगितले, हा प्रसंग उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात आहे. अब्राहामाने तारे मोजले नाहीत. त्याने विश्वास ठेवला. कित्येक शतकांनंतर रोममध्ये चार धर्मभगिनी मात्र खरोखरच तारे मोजावयास बसल्या. त्यांची हकिकत आपल्या घराघरांतून सांगितली जावी अशी आहे.

१८८७ साली पॅरिस येथील परिषदेत अनेक देशांच्या खगोलशास्त्रज्ञांनी संपूर्ण आकाशाचे छायाचित्रण करण्याचा संकल्प सोडला. आकाशाचे पट्टे पाडून ते निरनिराळ्या वेधशाळांकडे सोपविण्यात आले. आपल्याकडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेनेही पुढे त्यातील एक पट्टा हाती घेतला. ख्रिस्तसभा विज्ञानाची वैरीण आहे, हा आरोप कृतीने खोडून काढावा म्हणून पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली व्हॅटिकनच्या वेधशाळेची पुनर्स्थापना केली होती. त्या वेधशाळेनेही उत्तर आकाशाचा एक पट्टा पत्करला.

छायाचित्रे काचेच्या प्लेटांवर घेतली जात. खरे कष्टाचे काम त्यापुढे होते. काचेवरचा एकेक सूक्ष्म ठिपका म्हणजे एकेक तारा. त्याचे नेमके स्थान मोजून नोंदवावयाचे. येशूसंघीय धर्मगुरू योहान हागेन हे वेधशाळेचे संचालक असताना, ‘मारिया बांबीना’ या नावाने परिचित असलेल्या संघाकडे या कामासाठी भगिनींची मागणी करण्यात आली. १९१० साली काम सुरू झाले. एक भगिनी सूक्ष्मदर्शकातून पाहून आकडे सांगे, दुसरी ते वहीत उतरवून घेई. १९२१ पर्यंत ४,८१,२१५ ताऱ्यांची नोंद पूर्ण झाली.

त्या काळी पोपमहोदयांनी त्यांचे कौतुक केले. परंतु पुढे त्यांची नावे विस्मृतीत गेली. उरले ते एक जुने छायाचित्र आणि ‘काही भगिनी’ एवढाच उल्लेख. २०१६ साली येशूसंघीय धर्मगुरू सबिनो माफेओ जुनी कागदपत्रे लावीत असताना ती नावे पुन्हा उजेडात आली : सिस्टर एमिलिया पोन्झोनी, सिस्टर रेजिना कोलंबो, सिस्टर कॉन्चेत्ता फिनार्दी आणि सिस्टर लुईजा पान्चेरी.

त्यांचे श्रम वाया गेले नाहीत. १९८९ साली युरोपने ‘हिप्पार्कोस’ हा उपग्रह अवकाशात सोडला. त्याच्या मोजमापांची अनेक वेधशाळांच्या जुन्या नोंदींशी तुलना करून २००० साली सुमारे २५ लाख ताऱ्यांची सूची सिद्ध झाली. स्थिर भासणारे तारे किती आणि कोणत्या दिशेने सरकले, हे या तुलनेतून कळले. ज्या नोंदी आधाराला आल्या, त्यांत या भगिनींच्या नोंदीही होत्या.

आकाशाकडे पाहून विस्मित होणे आपणां सर्वांना जमते. या भगिनींनी मान खाली घालून, काचेवर डोळे रोखून, अकरा वर्षे तो विस्मय जपला. प्रत्येक ताऱ्याला नावाने हाक मारणारा देव स्तोत्रकर्त्याने गायिला आहे. त्या देवाला या चौघींची नावे सदैव ठाऊकच होती. परंतु देव विसरत नाही, म्हणून आपणांस विसरण्याची मोकळीक मिळत नाही. आपल्या धर्मग्रामात वेदी सजविणाऱ्या, मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या, आजाऱ्यांच्या उशाशी बसणाऱ्या कितीतरी स्त्रिया होऊन गेल्या. त्यांची नावे सांगणारी वडीलधारी माणसे आपल्यात आहेत, तोवर ती लिहून ठेवावीत.