नदीचं मूळ आणि आजाराची वाट

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. भुकूममध्ये राहून ही म्हण पाळणं अवघड आहे, कारण रामनदीचं मूळ इथेच, खाटपेवाडीच्या डोंगरात आहे. पावसाळ्यात वरचं पाणी बघवतं तरी. पुढे भूगाव, बावधन, पाषाण करत ती मुळेला मिळते तोवर तिचं काय होतं, हे पुणेकरांना सांगायला नको. जे होतं ते उगमापाशी नाही, वाटेत होतं.

बायपोलर डिसऑर्डरचं निदान सांगितलं की घरचे पहिला प्रश्न मुळाचाच विचारतात: “आमच्यात हे आलं कुठून?” त्याचं बरंचसं उत्तर आनुवंशिकतेत आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून तिचा वाटा साधारण 60 ते 80 टक्के निघतो (हा हिशेब समूहाचा, एकट्यादुकट्या माणसाला तो लावू नये). आपण ज्या अभ्यासक्षेत्रात पाऊल टाकत आहात, ते मात्र वाटेबद्दल विचारतं. आजार कोणत्या वयात डोकं वर काढतो, किती वेळा उलटतो, दोन झटक्यांमध्ये माणसाला किती उसंत देतो, आणि लहानपणी सोसलेल्याचा या सगळ्यात काय हात असतो?

वाटेकडे बघायची सवय जुनी आहे. एमिल क्रेपेलिन यांनी 1899मध्ये उन्माद आणि नैराश्याचा हा आजार वेगळा काढला, तो बराचसा त्याच्या वर्षानुवर्षांच्या चालीवरून. लहानपणाच्या आघातांची पद्धतशीर मोजदाद व्हायला पुढे जवळपास शतक गेलं. 1998मध्ये अमेरिकेत फेलिटी आणि अँडा यांनी हजारो प्रौढांना लहानपणच्या मारहाणीबद्दल, दारूबद्दल, घरातल्या मनोरुग्णाबद्दल विचारलं आणि त्याची सांगड त्यांच्या आजच्या आजारांशी घातली. त्या सुमारास बर्नस्टाइन यांची प्रश्नावलीही वापरात आली. ती आघाताचे पाच प्रकार मानते: शारीरिक, लैंगिक आणि भावनिक छळ, शिवाय शारीरिक आणि भावनिक हेळसांड.

2016 हे साल या विषयाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावं. त्या वर्षी पामियर-क्लॉज आणि सहकाऱ्यांनी 19 अभ्यास एकत्र केले. बायपोलर असलेल्यांमध्ये बालपणीच्या आघाताची शक्यता इतरांच्या सुमारे अडीच पट निघाली. भावनिक छळाची तर चौपट. त्याच वर्षी ॲग्न्यू-ब्लेस आणि डानेझी यांनी 30 अभ्यासांतून आजाराची वाट तपासली. ज्यांच्या वाट्याला छळ किंवा हेळसांड आली होती, त्यांचा आजार लवकर सुरू झालेला दिसला, झटके जास्त आणि तीव्र होते, चिंता आणि व्यसनं सोबतीला होती, आत्महत्येचे प्रयत्नही अधिक होते. हे का होत असावं? रॉबर्ट पोस्ट यांनी 1992मध्ये मांडलेली कल्पना इथे उपयोगी पडते. पहिला झटका यायला मोठा धक्का लागतो, पुढचे हळूहळू छोट्या ठिणगीवरही पेटतात. लहानपणीच ताणाने पोळलेल्या शरीराची ही सरपणाची तयारी आधीच झालेली असते, असं मानायला जागा आहे. सिद्ध झालं, असं मी म्हणणार नाही.

मला सर्वांत जास्त थांबवतो तो चौपटीचा आकडा. मार नव्हे, शब्द. मराठीत या प्रकाराला शब्दांचा तोटा नाही: घालूनपाडून बोलणं, टोमणे, पाणउतारा, सात पिढ्यांचा उद्धार, आठ-आठ दिवसांचा अबोला. एवढी श्रीमंती असूनही यातल्या एकाही शब्दाला आपण इजा म्हणत नाही. वळण लावणं म्हणतो. म्हणून “तुमच्यावर भावनिक अत्याचार झाला का?” हा भाषांतरित प्रश्न ओपीडीत फुकट जातो. उत्तर “नाही” येतं. “घरात घालूनपाडून कोण बोलायचं?” असं विचारलं की समोरचा माणूस खिडकीबाहेर बघायला लागतो. या क्षेत्रात मराठी अभ्यासकाला करण्यासारखं खूप आहे, ते अशा ठिकाणी.

आकड्यांचीही गंमत बघा. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007मध्ये 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून अहवाल काढला. त्यात महाराष्ट्र आणि गोवा होते. तीनपैकी दोन मुलांनी शारीरिक छळ सांगितला, दोनपैकी एकाने भावनिक. उलट बेंगळुरूच्या निमहान्सने 2015-16मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 12 राज्यं होती आणि महाराष्ट्र त्यात नव्हता. म्हणजे एका कागदावर आपली पोरं आहेत, दुसऱ्यावर आपले रुग्ण नाहीत.

दोन खड्डे आधीच दाखवून ठेवतो. पहिला आठवणीचा. बाल्डविन यांनी 2019मध्ये दाखवलं, की लहानपणीच नोंद झालेल्या छळापैकी निम्म्याहून जास्त मोठेपणी सांगितला जात नाही, आणि मोठेपणी सांगणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांची लहानपणी नोंद सापडत नाही. तरी सांगणाऱ्याला खोटं पाडू नये. नोंद करणाऱ्याला तरी घराच्या आतलं कुठे दिसतं? दुसरा खड्डा गुंत्याचा. समजा, मुळशीतल्या एखाद्या बापाला उन्माद आहे. जमिनीचे भाव चढलेले, झोप उडालेली. पठ्ठ्या महिन्याभरात दीड एकर विकून गाडी घेतो, पुढचे सहा महिने अंथरुणातून उठत नाही. त्याचं पोर हे सगळं बघतं. त्याला बापाकडून जनुकंही मिळाली आणि घरही. पुढे ते आजारी पडलं, तर कोणाचा किती वाटा धरायचा?

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त हा गुंता केव्हाच आला आहे. 1857च्या धामधुमीत आजोबांना फाशी झाली, त्यानंतर वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं, आणि पोरांचं लहानपण त्या वेडाच्या कायद्याखाली गेलं. त्यावर आजची निदानं चिकटवायचा मोह आवरावा. धक्का एका पिढीला बसतो आणि नियम दुसरीला पाळावे लागतात, एवढं त्यातून वाचावं.

विद्यार्थी, परिचारिका, शिक्षक, घरात रुग्ण असलेले, सगळ्यांना इथे जागा आहे. संख्याशास्त्र येत नसलं तरी अडत नाही, कान हवेत. मात्र पहिल्याच भेटीत लहानपण उकरू नका. उन्मादात तर मुळीच नको. औषध लागू पडू द्या, झोप परत येऊ द्या. मग कधीतरी सोबतचा नातेवाईक केसपेपर घ्यायला बाहेर गेला की विचारा. बहुतेक वेळा असं काहीतरी ऐकू येईल: “मारलं नाही हो कधी. नुसते बोलायचे.” त्या ‘नुसते’पाशी पेन खाली ठेवा.

भुकूम, ता. मुळशी, जि. पुणे